घागर न भरलेली आखाजी

धुळे,
रविवार, १८ जून १९७२

प्रिय वहिनी,

सांगणारा माणूस खोटा निघाला, तर त्याने सांगितलेली गोष्टही खोटीच असते का? बी.ए.ला मी तर्कशास्त्र घेतलं होतं, मार्कही बरे पडले होते, तरी या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. गेला आठवडाभर शाळेत शिकवताना, खोलीवर भाकरी थापताना मी तोच प्रश्न फिरवून फिरवून पाहते आहे आणि शेवटी स्वतःवरच चिडते आहे. तू हे पत्र एकटीने वाच. माहेरी आहेस म्हणून तुझ्या भावाकडून वाचून घेऊ नकोस. तुझी शाळा चौथीत सुटली म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. एखादा शब्द अडला तर पुढे जा, मागून लागेल.

हवालदार जीवरामांबद्दल लिहायचं आहे. एवढं वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस.

पौषात लढाईवरून दादाबद्दलची तार आली तेव्हाचं तुला आठवतं. आपल्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्या हातात येतो, तशी तारही आली. शिपाई यादव सुपडू पाटील बेपत्ता, एवढंच होतं तिच्यात. मेला नाही, जखमी नाही, पकडला गेला नाही, नुसता बेपत्ता. मायने मला तीनतीनदा विचारलं की बेपत्ता म्हणजे नेमकं काय, आणि मी तीनतीनदा तोच शब्द मराठीत सांगितला. मग वैशाखातली अक्षय्यतृतीया, आपली आखाजी, जवळ आली आणि थोरले काका या नात्याने नानांनी विषय काढला. घरातलं माणूस गेलं की पहिल्या आखाजीला त्याच्या नावाची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, गूळ-रव्याची सांजोरी ठेवायची, आंबा ठेवायचा. नाही भरली तर तो तहानलेला फिरतो. नाना वाईट बुद्धीने बोलत नव्हते हे मला आज कळतं. पण घागर भरली की तुझ्या हातातल्या बांगड्या आणि कपाळावरचं कुंकू त्याच दिवशी जाणार होतं, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. माय म्हणत होती भरणार नाही, नाना म्हणत होते भरावीच लागेल, आबा दोघांच्या मधे बसून तंबाखू मळत होते. तू चुलीपुढून उठत नव्हतीस. आखाजीला माहेरी जायची सोय नव्हती, कारण घागर भरायची ठरली तर तू घरात लागणार होतीस.

अशा वेळी जीवराम आला. बोदवडहून टांगा करून, खाकी कपड्यांत, पायात चमकणारे बूट, दंडावर तीन फिती. ओट्यावर न बसता सरळ आत आला, मायच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "माय, घागर भरू नको. तुना यादव जित्ता शे." शिरपूरकडचा आहे म्हणाला, बोलणंही तिकडचंच. आम्ही एका खंदकात होतो, मी निसटलो, यादव पकडला गेला, लाहोरकडच्या कँपात आहे, पायाला लागलंय पण चालतो, असं त्याने सांगितलं. वहिनी, घागरीचा वाद त्याला आधी माहीत असणार, याचा आपण कुणीच विचार केला नाही. बोदवडच्या टांगेवाल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत गावभर तोच विषय चालला होता. टांग्यात बसून नुसतं विचारलं असतं, काय चाललंय गावात, तरी त्याला सगळं मिळालं असतं.

मग त्याने खिशातून ओळखपत्र काढलं. नाना म्हणाले, "लिला, वाच बरं, काय लिव्हलंय." मी वाचलं. नाव, नंबर, हुद्दा, पलटणीचं नाव. मी जे छापलेलं होतं ते वाचलं, वहिनी, ते खरं आहे असं म्हटलं नव्हतं. पण आपल्या घरात मी वाचलं म्हणजे ते खरं झालं. मी घरातली पहिली पदवीधर. माझ्या शिक्षणासाठी आबांनी बैलजोडीतला एक बैल विकला होता, आणि तो बैल त्या दिवशी कामी आला असं त्यांना वाटलं असेल. ओट्यावर जमलेल्या माणसांकडे त्यांनी कसं पाहिलं ते मी विसरणार नाही. चार दिवसांनी शाळेच्या पटांगणात जीवरामांचा सत्कार झाला. टोपी, उपरणं, नारळ. पोलीस ठाण्याच्या फौजदारसाहेबांनी स्वतः हार घातला. लढाईची गोष्ट त्याने अशी सांगितली की पोरं श्वास रोखून बसली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ते कुठे लिहून ठेवू, कळत नाही.

आखाजीला तो पुन्हा आला. घागर भरली गेली नाही म्हणून माय त्याला देवासारखी वाढत होती. दादाच्या पाटावर बसवलं. त्याने अंगातला सदरा धुवायला काढून दिला, तो माझ्याकडे आला, आणि खिसे रिकामे करताना ते ओळखपत्र माझ्या हाती लागलं. या वेळी मी अक्षरं वाचली नाहीत, नुसतं पाहिलं. फोटोच्या कोपऱ्यावर गोल शिक्का होता. अर्धा गोल फोटोवर, मग त्याचा उरलेला अर्धा खालच्या कागदावर हवा ना? आपल्या शाळेच्या दाखल्यांवर असतो तसा. कागद कोरा होता. म्हणजे शिक्का मारलेला फोटो दुसऱ्या कुठल्यातरी कागदावरून काढून इथे चिकटवला होता. फोटोतल्या टोपीवरचा बिल्लाही त्याच्या खांद्यावरच्या पितळी अक्षरांशी जुळत नव्हता. मी सदरा तसाच पाण्यात सोडून आबांकडे गेले. आबा म्हणाले, शाई कमी लागली असेल. मी म्हटलं, शाई कमी लागली तर पुसट लागते, कापल्यासारखी सरळ थांबत नाही. नाना मागून म्हणाले, "तूच तं वाचलं ना चार माणसात? तवा नाई दिसलं? का आता मास्तरीण झाली म्हनून दिसायले लागलं?" ओट्यावर हसले सगळे. आबाही हसले.

मग मी जे केलं ते तू पाहिलं आहेस, फक्त मी मुद्दाम केलं हे तुला माहीत नसेल. दुपारी जेवताना मी जीवरामच्या ताटात सांजोरी वाढली आणि म्हटलं, दादाला सांजोऱ्यांचं फार वेड, तिकडे आठवण काढत असेल. दादाला गुळाचा वास सहन होत नाही हे आपण घरातले सोडून कुणाला ठाऊक नाही. तुमच्या लग्नात त्याने पुरणपोळी केळीच्या पानाखाली सरकवली आणि तू ती ओढून काढलीस म्हणून सगळे हसले होते. आखाजी होऊन आठ-दहा दिवस झाल्यावर जीवराम तिसऱ्यांदा आला, तर कँपातून निरोप घेऊन. यादव म्हणतो, मायला सांग, मी सुटून येईन तेव्हा सांजोऱ्या करून ठेव, इथे रात्रंदिवस त्याच आठवतात.

मी मायकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती उठेल. ती उठली नाही. डोळे पुसत म्हणाली, "तिथं उपाशी पोराले गोडच आठवीन ना." मी तुझ्याकडे पाहिलं. तुझी नजर माझ्याकडे आली, वहिनी, आणि मग ताटाकडे गेली. तेव्हा मला कळलं की तुलाही कळलं आहे. त्याच दुपारी तू पाटल्या काढून दिल्यास. कँपाच्या साहेबाला द्यायला लागतात म्हणाला, आणि तू काढून दिल्यास. स्वेटर गेला होता, तुपाचा डबा गेला होता, त्याचं मला काही नाही. पण कळूनही तू दिल्यास याचा मला इतका राग आला की दोन दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. तू मला एकदाही विचारलं नाहीस, लिला, का गं गप्प.

मी पोलीस ठाण्यात गेले. जमादार म्हणाले, त्याला आमच्या साहेबांनी हार घातलाय, आता त्यालाच बेड्या घालू म्हणता? फसवणूक कुणाची झाली ते सांगा. तुमच्या वडलांची? मग वडलांना आणा. आईची? आईला आणा. मी म्हटलं, ते येणार नाहीत. ते म्हणाले, "मग ताई, फसलेला म्हणतो मी फसलो नाही, तिथं सरकार काय करणार?" आणि चहा पिता का विचारलं. परत येताना मला रस्ताभर एकच वाटत होतं की मी काही चुकीचं बोललेच नव्हते, तरी माझं बोलणं कुणाच्या हाताला लागत कसं नाही? गावात तोवर पसरलं होतं की सुपडूभाऊची पोरगी भावाच्या जिवावर उठली आहे. विहिरीवर बाया माझ्या घागरीला वाट देत, पण माझ्याशी बोलत नसत.

शाळा उघडायच्या आधीच मी धुळ्याला आले आणि सैनिकांच्या कचेरीत गेले. तिथले अधिकारी निवृत्त कॅप्टन आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, कैद्याची बातमी रेडक्रॉसकडून किंवा पलटणीच्या कचेरीकडून येते, टपालाने येते. कुणी जवान घरोघर फिरून ती देत नाही आणि तूप-पाटल्या तर कधीच नेत नाही. पुढे कुणी असा आला तर त्याचा नंबर आणि पलटण लिहून घ्या आणि आम्हाला कळवा, एवढंच करा. एवढंच! मी सदरा धुताना नंबर पाठ केला होता. त्यांनी तार केली आणि उत्तर आलं, असा नंबर, असा माणूस आमच्याकडे नाही. मी दादाबद्दलही विचारलं. म्हणाले, कैद्यांच्या याद्या येताहेत, आलेल्यांत नाव नाही, सगळ्या आलेल्या नाहीत. सिमल्याला बोलणी होणार आहेत, त्यानंतर काय ते कळेल. वहिनी, तेही बेपत्ताच म्हणाले, फक्त जास्त वाक्यांत.

त्या कचेरीच्या व्हरांड्यात एक म्हातारी बसली होती. मांडीवर पत्र्याचा डबा. बेबाबाई नाव, सोनगीरकडची. तिचा मुलगा पुनाही बेपत्ता. जीवरामांनी सांगितलं म्हणे की या कचेरीवरून लाडू कँपात जातात. मी विचारलं, जीवराम काय निरोप आणतो? ती म्हणाली, पायाला लागलंय पण चालतो. खंदक तोच, कँप तोच, पायही तोच. मी तिच्यापुढे बसले, तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं, शिक्का, सांजोरी, तार. म्हटलं, आजी, तुम्ही आणि मी मिळून तक्रार देऊ, दोन घरांची तक्रार कुणी टाळू शकणार नाही. तिने सगळं ऐकलं. मग डब्याचं झाकण घट्ट करत म्हणाली, "बठ्ठं समजस माले, बहीण. चोर शे तो. पन तो येस तव्हय मना पुना जित्ता ऱ्हास." सगळं कळतं मला, चोर आहे तो, पण तो येतो तेवढा वेळ माझा पुना जिवंत असतो, असं ती म्हणाली. आणि उठून गेली. मी तिच्यामागे रस्त्यापर्यंत धावले. मी तिच्यावर ओरडले, वहिनी. एका म्हातारीवर, भर रस्त्यात. मला समजत नाही असं नाही. पण दर वेळी तो आला की पुना जिवंत होतो आणि तो गेला की परत बेपत्ता होतो, आणि त्या मधल्या दिवसांत ती म्हातारी पुन्हा लाडू वळते. याला आधार म्हणायचं का?

कॅप्टनसाहेबांनी मला इथल्या पोलीस इन्स्पेक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, लष्करी पोशाख घालून फसवणं हा गुन्हाच आहे, तार पुरावा आहे, पण फिर्यादी लागेल. तेव्हा मला सुचलं. मी म्हटलं, मी फसले आहे. ओळखपत्र मी वाचलं, मी विश्वास ठेवला, सत्काराला मी टाळ्या वाजवल्या. फिर्याद मी देते. त्यांनी लिहून घेतलं: लिला सुपडू पाटील, शिक्षण बी.ए., शिक्षिका, आरोपीने मला खोटं ओळखपत्र दाखवून फसवलं. सही करताना मला लाज वाटली, ती कशाची हे अजून ठरत नाही. मग त्यांनी विचारलं, आता हा माणूस सापडेल कुठे? शिरपूरकडे त्याला कुणी ओळखत नव्हतं. पुढच्या वेळी कुठे येणार, कधी येणार, काही माहीत आहे का? मी नाही म्हटलं. दोन दिवस ते विचारत होते आणि दोन दिवस मी नाही म्हणत होते.

काल भुसावळ स्टेशनावर तो पकडला गेला. ओळख पटवायला मला बोलावलं, आबांनाही बोदवडहून बोलावलं. त्याच्या ट्रंकेत खाकी कपड्यांचे दोन जोड होते, आणखी दोन ओळखपत्रं होती, एकाच चेहऱ्याची, वेगळ्या नावांची. बेबाबाईचा डबा होता, निम्मा संपलेला. तुझ्या पाटल्या नव्हत्या. त्याच्याकडे दोन तिकिटं होती, अमृतसरच्या बरीच अलीकडची. इन्स्पेक्टर ती तिकिटं हातात धरून म्हणाले, ही बाई अमृतसरला पोचली नसती. पुढचं ते माझ्यासमोर बोलले नाहीत. जीवराम, म्हणजे जो कोण असेल तो, मला पाहून जराही दचकला नाही. हसून म्हणाला, "काय ताई, माय बरी शे ना?" त्यानंतर इन्स्पेक्टरांनी आबांना विचारलं, ह्याला ओळखता का? आबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. ज्या माणसाला त्यांनी स्वतःच्या मुलाच्या पाटावर बसवलं, त्याच्याकडे पाहून म्हणाले, नाही, कधी पाहिला नाही. मग टोपी नीट केली आणि माझ्याकडे न बघता फलाटावर गेले. मी मागे गेले तर एवढंच म्हणाले की सध्या घरी येऊ नकोस, मायला मी काय ते सांगेन. काय सांगणार हे त्यांनी सांगितलं नाही. आता त्या कागदावर त्याला ओळखणारी मी एकटी आहे.

भुसावळहून तुझं रावेर काही लांब नाही. मी काल तिथूनच तुझ्याकडे येऊ शकले असते. संध्याकाळपर्यंत जबाब चालला हे खरं, पण त्यानंतरही गाडी होती आणि मी ती सोडली. तुझ्या दारात उभी राहून तोंडाने हे सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून पत्र. तू मला विचारशील की मग दादा कुठे आहे. वहिनी, दादा जिवंत नाही असं मी म्हणत नाही. घागर भर असंही म्हणत नाही, आणि कुंकवाला हात लावायला तुला कुणी सांगितलं तर त्याच्याशी मी भांडेन. तो माणूस खोटा होता. दादाचं काय झालं, हे त्याला आपल्याइतकंच माहीत होतं, म्हणजे काहीच नाही.

काल सकाळी तू घरात कुणाला न सांगता, लुगड्यांचं गाठोडं घेऊन रावेरच्या स्टेशनावर बसली असशील. भुसावळकडून गाडी आली असेल, केळीच्या करंड्या चढल्या असतील, माणसं चढली-उतरली असतील, आणि तो उतरला नसेल. तुला वाटलं असेल त्याची रजा रद्द झाली, पुढच्या गाडीने येईल. कदाचित आजही जाऊन बसली असशील. बसू नकोस. तुला माहेरी जाताना सोडायला मी बोदवडला आले, तेव्हा गाडी सुटायच्या आधी तू माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवून शपथ घातली होतीस, तो मला यादवला भेटवायला अमृतसरला नेणार आहे, हे कुणाला सांगू नकोस. इन्स्पेक्टरांना जे हवं होतं ते फक्त तुझ्यामाझ्यात होतं. शनिवार, रावेर, सकाळची गाडी. गुरुवारी शाळा सुटल्यावर मी ठाण्यात गेले, ते सांगितलं, आणि त्यांनी लिहिलेल्या कागदाखाली सही केली.

तू बोललीस किंवा नाही बोललीस तरी तुझीच नणंद,
लिला